सहा ते दहामधली कोरी जागा

मी एक जुनी डबी आहे. हाताच्या पंजाएवढी, राखाडी, एका कोपऱ्याला टवका उडालेली. पोटावर छोटासा काचेचा पडदा आहे आणि त्यावरचे आकडे आता तिरके होऊन बघितल्याशिवाय दिसत नाहीत. एल्विरा थॉर्सनच्या घराच्या बंदिस्त पडवीत, मोठ्या फ्रीजरच्या वर, खिडकीला टेकून मी बसते.

मित्रांनो, माझे काम ऐकायला अगदी सोपे आहे. अंगणातल्या खांबावर माझी बहीण उभी असते. वारा, पाऊस, थंडी सगळे ती अंगावर घेते आणि दर मिनिटाला मला हाक मारून सांगते, "आता इतकी थंडी, आता इतका वारा." मी ते ऐकते, लक्षात ठेवते आणि एका वायरीतून आतल्या शिवणाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला कळवते. तिथे एक सॉफ्टवेअर आहे. ते माझ्या आकड्यांचा आलेख काढते. बहीण बोलते, मी ऐकते, ते रेघ ओढते. यात चुकण्यासारखे काय आहे? काहीच नाही. तरीही एका हिवाळ्यात मला इतके बोल ऐकावे लागले, की त्या दिवसांची आठवण आली तरी माझा पडदा लुकलुकतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तो मला फारसा आठवत नाही. माझा पहिला मालक रेजायनाचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याने मला हौसेने आणले, चार महिने रोज कौतुकाने पाहिले आणि मग त्याला होडीचा नाद लागला. सहा वर्षे मी त्याच्या गॅरेजमध्ये जुन्या बुटांच्या खोक्यात पडून होते. त्याने घरातले जुने सामान अंगणात मांडून विकायला काढले, तेव्हा कॅरिनने मला उचलले. कॅरिन ही एल्विराची मुलगी. तिच्या पोटात तेव्हा बाळ होते आणि मनात आईची काळजी होती.

काळजीचे कारण असे. आमचे गाव म्हणजे सस्कॅचेवान प्रांताच्या सपाटीवरची दीडशे माणसांची वस्ती. एल्विरा इथली नव्हे. ती समुद्राकाठच्या व्हिक्टोरियाची, जिथे फेब्रुवारीत फुले येतात. लायल थॉर्सनशी लग्न करून ती इथे आली, तेव्हा तिच्या सासूने तिचे पातळ बूट पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हटले, "चाळीस हिवाळे काढून दाखव पोरी, मग या गावची म्हणवून घे."

एल्विरा हसली नाही आणि रडलीही नाही. तिने एक वही आणली. गॅरेजच्या भिंतीवर लाकडी पेटीत एक तापमापक लावला. त्यात एक बारीक सुई असते. आतला द्रव खाली उतरला की सुई त्याच्याबरोबर उतरते आणि तिथेच थांबते, म्हणजे रात्रभरात थंडी कुठवर गेली ते सकाळी कळते. वाचून झाले की सुई परत जागेवर सारायची. हे तिने रोज सकाळी आठ वाजता केले. बाळंतपणातही खंड पडला नाही. त्या दहा दिवसांचे आकडे सासूने स्वतः बाहेर जाऊन लिहिले आहेत. सासू गेली त्या सकाळचाही आकडा वहीत आहे. महिना संपला की ती यादी हवामान कचेरीला पाठवायची. असे अडतीस हिवाळे झाले.

मग एका शरदात ती गॅरेजसमोरच्या बर्फावर घसरली आणि खुबा मोडला. डॉक्टरांनी सांगितले, हिवाळ्यात एकटीने अंगणात पाऊल टाकायचे नाही. म्हणून कॅरिन मला घेऊन आली. "आई, आता तू आत बसून लिही. बाहेर ही जाईल."

एकोणचाळिसावा हिवाळा मी एकही मिनिट न चुकता काढला. घराच्या भिंतींवर पत्रा आहे, आत बहिणीची हाक ऐकू येत नाही, म्हणून मला पडवीत ठेवले. पण मी तक्रार केली नाही. एल्विरा रोज चहा घेऊन आलेखासमोर बसायची, सर्वांत खालचा आकडा शोधायची आणि वहीत लिहायची. एकदा ती पडवीत आली, माझ्यावरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाली, "शहाणी गं माझी!" मित्रांनो, यंत्राला याहून जास्त काही लागत नाही.

आणि मग आला चाळिसावा हिवाळा.

डिसेंबरच्या दहा तारखेला पहिली कडक थंडी पडली. त्या दिवशीच्या आलेखात सकाळी सहा ते दहा काहीच नव्हते. रेघ सहापर्यंत उतरत आली होती, मग कोरी जागा, मग दहानंतर पुन्हा रेघ. नेमके ज्या वेळात थंडी तळाला जाते तेच चार तास गायब.

"लायल, तुझ्या लेकीचं यंत्र मेलं बघ," एल्विरा आतून ओरडली.

"थंडी सोसत नसेल," लायल म्हणाला. "रेजायनाचं आहे ना ते. शहरातलं."

मला थंडी सोसत नाही! मी पडवीत, फ्रीजरच्या गरम पाठीवर बसलेली! आणि माझी बहीण तर त्या क्षणीही खांबावरून बोलत होती. ऐकायला मी जागी नव्हते, कारण मला झोपवले होते. कोणी झोपवले ते मी रोज डोळ्यांनी पाहत होते. फक्त मला तोंड नाही.

ऐका. आमच्याकडे थंडी उणे वीसच्या खाली गेली, की गाडी नुसती किल्ली फिरवून सुरू होत नाही. इंजिनात एक तापणारी कांडी असते आणि तिची वायर गाडीच्या नाकाखाली लोंबत असते. निघण्याआधी दोन-तीन तास ती विजेला जोडून ठेवायची. लायलची गाडी वर्षानुवर्षे घराबाहेरच्या प्लगला जोडलेली असायची. पण नोव्हेंबरात त्याने आपल्या बर्फ उडवायच्या यंत्राने तो प्लगच भिंतीतून उखडला. "वसंतात बघू," असे म्हणून त्याने वर एक पत्र्याचा डबा पालथा बांधला. मग तो नारिंगी रंगाची लांब वायर दारातल्या मांजरीसाठीच्या झडपेतून पडवीत आणू लागला. पडवीत भिंतीला विजेची दोनच भोके. एकात फ्रीजर. एका वर्षी फ्रीजर बंद राहून अख्ख्या हंगामाच्या बेरी वितळल्या होत्या, त्यामुळे त्याला हात लावायची लायलची छाती नव्हती. एका भोकात दोन वायरी जोडायच्या नाहीत, आग लागते, हाही एल्विराचाच नियम. राहिले दुसरे भोक. त्यात एक काळा ठोकळा होता. लायल अशा थंडीत रोज सकाळी सहाला येई, तो ठोकळा उपटे, गाडीची वायर खुपसे, साडेआठला कॉफीच्या पंगतीला निघून जाई. दहाला परत आला की बूट काढता काढता ठोकळा जिथल्या तिथे लावी. फार नीटनेटका माणूस आहे तो.

तो काळा ठोकळा माझा होता.

त्याला वाटे, ते उंदीर पळवायचे यंत्र आहे. तसे एक यंत्र एल्विराने पूर्वी आणले होते खरे, पण ते कधीच बिघडून खणात पडले होते. माझी वायर फ्रीजरच्या मागून जाते, त्यामुळे ठोकळ्याचे दुसरे टोक कुठे आहे ते दिसत नाही. परत वीज आली की मी आनंदाने एकदा टिंग करते. लायल दर वेळी मान हलवून म्हणे, "हा फ्रीजर पण म्हातारा झाला."

तुम्ही म्हणाल, तुझ्या पोटात बॅटऱ्या नव्हत्या का? होत्या. कॅरिनने तीन घातल्या होत्या, वीज गेली तरी मी जागी राहावे म्हणून. टीव्हीवर कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, अंतिम सामना लागला तेव्हा रिमोट बंद पडला, आणि लायलने माझे पोट उघडले. "परत घालतो हं," असे तो मला म्हणालासुद्धा.

आता सुरू झाली चौकशी. कॅरिन रेजायनाहून फोनवर दिसायची, कडेवर सहा महिन्यांची आस्ट्रिड आणि केसांत भाताची शिते. बाळ झोपले की पाऊण तास मिळायचा, आणि तो ती माझ्यावर घालवायची. पहिल्यांदा तिने कॉम्प्युटरला झोप लागू नये अशी व्यवस्था केली. मग तिच्या सांगण्यावरून लायल उणे एकतीसमध्ये शिडी लावून खांबावर चढला आणि माझ्या बहिणीच्या बॅटऱ्या बदलून आला. भुवयांवर बर्फ, नाक लालबुंद. बहिणीच्या चांगल्या बॅटऱ्या काढून त्याने नव्या घातल्या! आणि माझ्या रिकाम्या पोटाकडे कोणी बघितले नाही.

त्यानंतर चार दिवस थंडी कमी झाली. उणे बारा. गाडीला वायर लागेना, ठोकळा जागेवर राहिला, आलेख सलग आला.

"जमलं!" कॅरिन ओरडली. "बॅटरीच होती!"

पाचव्या दिवशी उणे तेहेतीस. कोरी जागा.

मग सॉफ्टवेअर पुसून पुन्हा घातले. त्याने आलेखाचा रंग निळ्याचा नारिंगी झाला. पुन्हा चार दिवस ऊब, पुन्हा आनंद, पुन्हा थंडी, पुन्हा कोरी जागा. मला एक वीत डावीकडे सरकवले. मग एक वीत उजवीकडे. कंपनीच्या मदतीच्या फोनवर एक माणूस म्हणाला, "तुमच्याकडे फार थंडी असते का हो?" एल्विरा म्हणाली, "नाही, आम्ही हौसेने स्वेटर घालतो." त्याने माझ्या पाठीवरचे बारीक बटण टाचणीने दाबायला सांगितले. एल्विराने ते सात वेळा दाबले. सातही वेळा मला काहीही झालेले नव्हते.

आणि एकदा, एकदाच, कॅरिनने नेमका प्रश्न विचारला. मी श्वास रोखला.

"बाबा, तू तिथली एखादी वायर वगैरे काढतोस का रे?"

"मी?" लायल दुखावला. "मी तुझ्या त्या डबीला बोटसुद्धा लावत नाही."

खरे होते. बॅटऱ्या काढल्या तो दिवस सोडला, तर डबीला नाही लावत. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला राग येत नाही असे तुम्हाला शाळेत शिकवतील. त्यावर विश्वास ठेवू नका.

या सगळ्यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट अजून सांगितलीच नाही. लायल हे सगळे कशासाठी करायचा? पेट्रोल पंपावरच्या कॅफेत रोज सकाळी गावातले सात-आठ म्हातारे कॉफीला जमतात. तिथे भिंतीवर एक कॅलेंडर आहे. थंडीच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या अंगणातला आकडा त्यावर लिहायचा. ज्याचे अंगण सर्वांत उबदार, त्याने उठून सगळ्यांना कॉफी वाढायची. लायलला कॉफी वाढायला अजिबात आवडत नाही. म्हणजे हा माणूस थंडीच्या गप्पा मारायला जाण्यासाठी थंडी मोजणाऱ्या यंत्राचा गळा रोज दाबत होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हवामान कचेरीचे पत्र आले. एल्विराने ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचले. जानेवारीत अकरा दिवसांचे नीचांक नाहीत. पाचांहून जास्त दिवस कोरे राहिले, तर तो हिवाळा अपुरा धरला जाईल. काही नोंदी हाती असतील तर महिनाअखेरपर्यंत पाठवाव्यात.

मग पत्राची घडी घातल्याचा आवाज आला.

"एकोणचाळीस काय वाईट आहेत, एल?" लायल हळूच म्हणाला.

"तुझ्या आईने चाळीस सांगितले होते."

"आई गेली त्याला वीस वर्षं झाली."

"म्हणून काय तिला कळणार नाही?"

त्या संध्याकाळी कॅरिन फोनवर म्हणाली, "आई, मी नवीन मशीन मागवते. ते जुनं देऊन टाक कुणाला तरी." मला बुटांचे खोके आठवले. एल्विरा म्हणाली, "नको. यंत्रांचं पुरे झालं. उद्यापासून मी स्वतः बाहेर जाऊन वाचते."

"आई, बर्फ आहे! तुझा खुबा!"

"माझा खुबा मला माहीत आहे, बाळा. आस्ट्रिड रडतेय, तिला घे."

दुसऱ्या दिवशी उणे अडतीस होते. सहाला लायलने ठोकळा उपटला आणि मी गेले. त्यामुळे पुढच्या पहिल्या काही गोष्टी मी पाहिल्या नाहीत. त्या दोघांनी नंतर इतक्या वेळा सांगितल्या आहेत, की मला पाठ झाल्या आहेत.

पावणेआठला लायल आत दाढी करत होता. एल्विराने जाड कोट घातला, काठी घेतली आणि गुपचूप पडवीत आली. बाहेरच्या दाराची कडी तिने काढली होती. त्या दारापासून गॅरेजपर्यंत तीस पावले निळा, काचेसारखा बर्फ. तिने पाऊल उचलले आणि ते नारिंगी वायरीत अडकले. तोल गेला. हात फ्रीजरच्या कडेवर पडला म्हणून ती वाचली. ती फ्रीजरला धरून धापा टाकत उभी राहिली, आणि तिचे नाक माझ्यापासून चार बोटांवर आले.

माझा पडदा काळा होता.

तिने वायर पाहिली. वायरीचा माग काढत ती वाकली, फ्रीजरच्या मागे हात घातला, चाचपत गेली आणि जमिनीवर पडलेला काळा ठोकळा तिच्या हाताला लागला. तिने तो हळूच ओढला. मी फ्रीजरवर हलले. पुन्हा ओढला. पुन्हा हलले.

"लायल."

तिने ओरडून म्हटले नव्हते. पण लायल अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन आला.

"हे काय आहे?"

"उंदीर पळवायचं यंत्र."

एल्विराने गाडीची वायर उपटली आणि ठोकळा भोकात घातला. मी टिंग केले. इतक्या जोरात मी आयुष्यात टिंग केले नव्हते. पडद्यावर आकडे उगवले: उणे अडतीस.

लायल माझ्याकडे बघत राहिला. मग फ्रीजरकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे तो फ्रीजर नव्हता?" तो म्हणाला.

"दोन महिने!" एल्विराचा आवाज चढला. "दोन महिने मी त्या पोरीला बाळाच्या झोपेतून उठवतेय! तुला शिडीवर चढवलं! त्या कंपनीवाल्याला नको ते बोलले! आणि तू रोज माझा हिवाळा उपटून तिकडे गाडी शेकत होतास!" ती बाकावर बसली आणि तिने तोंड हातमोज्यांत लपवले. "अकरा दिवस, लायल. ते आता कुठून आणू?"

लायलच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. मग तो म्हणाला, "माझ्याकडे आहेत."

"काय?"

"आकडे. गाडीची वायर काढायला जातो तेव्हा तुझा तापमापक वाचतो. पंगतीत सांगायला लागतो ना. सुईसुद्धा परत सारून ठेवतो, तू शिकवलंस तशी. कॅफेतल्या कॅलेंडरवर सगळे आहेत. कॉफीच्या गप्पांतले आकडे वहीला चालतील असं मला सुचलंच नाही."

तो तसाच, अर्ध्या दाढीने गेला. गाडी जेमतेम दोन तासच तापली होती, कण्हत कण्हत सुरू झाली. अर्ध्या तासात परत आला तो कोटाच्या आत डिसेंबर, जानेवारीच्या पानांसकट अख्खे कॅलेंडर घेऊन. मागून पंगतीतला ड्वेन ओरडत होता म्हणे, "अरे कॅलेंडर कुठे पळवतोस, आज कॉफी कोण वाढणार?"

स्वयंपाकघराचे दार उघडे होते. एल्विराने वही उघडली, पेन घेतले, आणि लिहिण्याआधी चष्म्यावरून पाहिले.

"यातले खोटे कुठले?"

"एल..."

"लायल थॉर्सन, तुला कॉफी वाढायला किती आवडतं ते मला ठाऊक आहे. वहीत खोटा आकडा जाणार नाही. कोरी जागा परवडली."

लायलने खुर्ची ओढली. लाल पेन्सिल मागितली. पानांवरून बोट फिरवले आणि दोन आकड्यांभोवती गोल काढले. "चौदाला पस्तीस होतं, मी छत्तीस लिहिलं. ड्वेनचं छत्तीस होतं. आणि बावीसला... बावीसला दोन वाढवलेत." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "बाकीचे खरे आहेत. तुझ्या पेटीशी खोटं बोलवत नाही मला. पंगतीत बोलवतं."

एल्विराने दोन महिन्यांचे सगळे कोरे दिवस भरले. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात लिहिले: जुना तापमापक, वाचन ल. थॉ. मग तिने कॅरिनला फोन लावला आणि सगळे सांगितले. कॅरिन इतकी हसली की आस्ट्रिडही दचकून हसू लागली. हसता हसता कॅरिनने डोळे पुसले. "बाबा," ती म्हणाली, "तुझा तो ठोकळा मी फ्रेम करून भिंतीला लावणार आहे."

बाहेरचा प्लग वसंतापर्यंत थांबला नाही. लायलने तो त्याच दुपारी, उणे तिसात, बोटे फुंकत बसवला. संध्याकाळी तो माझ्याकडे आला, रिमोटमधल्या तीन बॅटऱ्या काढून माझ्या पोटात घातल्या आणि आजूबाजूला कोणी नाही हे पाहून म्हणाला, "माफ कर गं."

मित्रांनो, माझ्या आलेखात त्या हिवाळ्याच्या कोऱ्या जागा अजून तशाच आहेत. जे मी ऐकलेच नाही ते मी आता आणू शकत नाही. पण माझी तुम्हाला एक कळकळीची विनंती आहे. घरातले जुने यंत्र गप्प झाले, तर त्याला लगेच म्हातारे म्हणू नका, त्याचा रंग बदलू नका, त्याला टाचण्या टोचू नका. त्याची वायर हातात धरा आणि भिंतीपर्यंत चालत जा. आणि कृपा करून, रिमोटसाठी आमच्या पोटातल्या बॅटऱ्या काढू नका. सामना किती का रंगात येईना.

मार्चच्या शेवटच्या दिवशी उणे नऊ होते. एल्विराने ते माझ्या आलेखावरून घेतले. रेघ सलग होती. वहीत आकडा लिहून झाल्यावर तिने पेन खाली ठेवले नाही. आकड्यापुढे, जिथे ती कधीच काही लिहीत नाही, तिथे तिने लिहिले: "सासूबाई, चाळीस झाले."

मग वही घेऊन ती पडवीत आली, दार उघडले आणि लायलचा हात धरून तीस पावले चालत गॅरेजच्या भिंतीपाशी गेली, सुई जागेवर सारायला.